मोडाचं पीठ

आप्पांना बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचे वरचे आणि खालचे दात बारीक तारेनं एकमेकांना बांधलेले होते. ट्रकमध्ये सागवान चढवताना एक ओंडका साखळीतून निसटला आणि त्याचं टोक त्यांच्या हनुवटीवर बसलं. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो सांधला, हलू नये म्हणून दात बांधून टाकले आणि सहा आठवडे तोंड उघडायचं नाही असं सांगून पाठवून दिलं. म्हणजे बोलणं बंद, चावणंही बंद. डाव्या बाजूची एक दाढ आधीच पडलेली होती. तिथल्या फटीतून रबराची बारीक नळी आत सारायची आणि जे काय द्यायचं ते तिच्यातून. निघताना डॉक्टरांनी आईच्या हातात एक छोटी पक्कड दिली. उलटी झाली तर क्षणभरही न थांबता तारा कापायच्या, नाहीतर माणूस गुदमरतो, हे त्यांनी दोनदा बजावलं. ती पक्कड आप्पांच्या उशाशी खुंटीला टांगली होती. पुढं ती कधीच लागली नाही, पण तिच्याकडे पाहिल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकणं मला सहा आठवड्यांत एकदाही जमलं नाही.

आमचं घर नंदिगड्ड्यापासून आत, रान जिथं शेताला येऊन टेकतं तिथं. पुढं भाताची चार खाचरं, मागं उतारावर फणस, कोकम आणि मुडलीच्या कंदांचे वाफे, आणि त्यापलीकडं नुसतं रान. घरात आम्ही चौघं: आप्पा, आई, मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूल झालं नाही, ती माहेरी आली ती इथलीच झाली. पण तिच्या हातावर आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली निम्मी पोरं जन्मली होती. कुठल्याही घरात बाळंतपण असलं की आत्तीला बोलावणं यायचं, आणि पोर सहा महिन्यांचं होऊन खायला लागेपर्यंत त्याच्या पोटाची काळजी तीच वाहायची. मी तेव्हा जोयड्याच्या कॉलेजात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होते, सायन्सला. आमच्या वाडीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच. ओंडका पडला त्या दिवसापासून माझं कॉलेजला जाणं थांबलं. कुणी जाऊ नको म्हटलं नाही. लावणीचे दिवस होते, आप्पांच्या वाटणीचंही काम आई एकटीनं ओढत होती, सकाळी चिखलात उतरायची ती अंधार पडताना वर यायची. अशा वेळी दप्तर घेऊन बस धरायची, हे माझ्याच मनाला पटेना.

आप्पांचा आवाज मोठा होता. संध्याकाळी रानातून परतताना ते ओढ्यापलीकडून एक हाळी द्यायचे आणि आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची. आता त्या घरात पावसाचा आवाज, बेडकांचा आवाज, मधूनच डोक्यावरून जाणाऱ्या धनेशाच्या पंखांचा तो भाता ओढल्यासारखा आवाज, सगळं होतं, फक्त आप्पांचा नव्हता. त्यांच्या हाताशी पितळी तांब्या ठेवलेला असायचा. बोटाच्या पेरानं एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की कुणीतरी या, तीनदा वाजवला की पाटी. माझी शाळेतली पाटी माळ्यावरून काढून मी त्यांना दिली होती. ते चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठं, ओळ खाली उतरत जाणारी. पहिले काही दिवस ते पाटीवर शेताबद्दल लिहायचे, बांध फुटला का, रेडा काय खातो. मग लिहिणं कमी होत गेलं. एक दिवस पाटीवर दोनच अक्षरं होती: भूक. मी ती वाचल्यावर त्यांनी लगेच तळहातानं पुसली, जणू चुकून लिहिली गेली.

त्यांना आम्ही उपाशी ठेवत होतो असं नाही. तासातासाला काहीतरी द्यायचो. पण त्या नळीतून जाणार काय? तांदळाची पेज पाण्यासारखी केली तर जायची, आणि तिच्यात पाणीच असायचं. नाचणीची आंबील थोडी दाट झाली की नळी तुंबायची, मग ती काढून, धुऊन, पुन्हा घालायची, आणि त्या ओढाताणीत आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी दूध, अंडी सांगितली होती. म्हैस आटलेली. शेजारून मिळायचं तेवढं दूध आणायचो. दिवसभर रानात ओंडके हलवणारा माणूस, एका बैठकीला चार भाकऱ्या खाणारा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आत्ती त्यांचं अंग पुसायला बसली आणि त्यांचा करदोरा कमरेवरून घसरून मांडीवर आला. तिनं गाठ सोडली, दोन बोटं आत घेऊन नवी बांधली. चार दिवसांनी ती गाठही सैल झाली.

त्याच दिवशी आत्तीनं फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात उन्हाळ्यात केलेलं मोडाच्या नाचणीचं पीठ होतं. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून दोन-तीन दिवस ठेवायची, पांढरे मोड आले की कडक उन्हात वाळवायची, मोड चोळून टाकायचे आणि जात्यावर दळायची. हे पीठ ती लहान पोरांसाठी करायची. मला ते माहीत होतं, पण ते कसं वापरतात हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, त्याचीच पेज करत असतील.

तिनं साध्या नाचणीच्या पिठाची आंबील केली, आणि तीही एवढी दाट की पळी उभी राहावी. मला वाटलं, हिला झालंय काय, ही नळीतून जाणार कशी? तिनं पातेलं खाली उतरवलं आणि नुसती बसून राहिली. जरा वेळानं म्हणाली, “सुमे, बोट घाल.” मी कडेला बोट बुडवलं आणि चटकन काढलं. “अजून हाय गरम,” ती म्हणाली आणि पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बोट घातलं तेव्हा चटका तर बसला, पण पोळलं नाही. तेव्हा तिनं डब्यातलं पीठ एक चमचा घेतलं, थंड पाण्यात कालवलं आणि पातेल्यात ओतून ढवळायला लागली.

मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझा हात नकळत ढवळल्यासारखा फिरतो. आधी पळी जड होती. आत्तीच्या मनगटाची शीर ताणलेली दिसत होती. मग ती हळूहळू हलकी झाली. आंबिलीवर पळीच्या मागं उठणारी रेघ आधी तशीच राहत होती, मग ती मिटायला लागली, मग उठेचना. हुंदडणाऱ्या जनावरानं एकाएकी मान खाली घालावी तशी ती आंबील मऊ झाली, आणि बघता बघता पळीवरून धारेनं खाली पडायला लागली. पाण्याचा एक थेंब तिनं वरून घातला नव्हता. पातेल्यात जेवढं पीठ होतं तेवढंच होतं, चमचाभर वाढलंच होतं. तरी दाटपणा गेला होता. कुठं गेला? मी पातेल्यात वाकून बघत राहिले. आत्तीनं ते परत चुलीवर चढवलं, एक उकळी आणली, मीठ घातलं, गाळलं आणि कोमट झाल्यावर नळीला लावलं. वाटीभर आंबील आप्पांच्या पोटात न अडखळता गेली, मग दुसरी, मग तिसरी. चार भाकऱ्यांचं पीठ असेल त्यात. आप्पांनी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारचे गाढ झोपले.

मी आत्तीला विचारलं, हे कसं होतं? ती म्हणाली, असंच होतं. तिच्या सासूनं तिला दाखवलेलं, सासूला आणखी कुणी. दातं न्हाईत त्यांच्यासाठी हाय हे, एवढंच तिला ठाऊक. त्यानंतर रोज तीनदा आंबील व्हायला लागली. करदोऱ्याची गाठ जिथं होती तिथं थांबली.

मग डबा संपला. आत्तीनं ते ओळखून आधीच नाचणी भिजवून, मोठ्या फडक्यात बांधून ठेवली होती. तिला मोडही आले. पण बाहेर पाऊस असा की चार दिवसांत सूर्य म्हणून दिसला नव्हता, वाळवणार कशी? त्यातच बाजारकुणंगहून एक माणूस भिजत आला. त्याची सून अडली होती. आत्ती इरलं घेऊन निघाली. जाताना म्हणाली की दोन दिवस लागतील, तोवर वाळवायचं काय ते बघ, आता तुला समदं येतंय.

मला सगळं येत होतं, असंच मलाही वाटत होतं. ऊन नाही तर चूल आहे की. मी मोडाची निम्मी नाचणी लोखंडी कढईत घातली आणि मोठ्या जाळावर हलवत राहिले. पाण्याची वाफ गेली, दाणे फुटायला लागले, घरभर असा खमंग वास सुटला की खाटेवरून आप्पांनी मान वळवली. मी खूश झाले. आत्तीच्या पिठाला असा वास कधीच नव्हता, माझं तिच्यापेक्षा चांगलं झालं होतं. जात्यावर दळलं, दाट आंबील केली, उतरवली, बोट घातलं, थांबले, पुन्हा घातलं. सगळं आत्तीसारखं. चमचाभर पीठ कालवून ओतलं आणि ढवळायला लागले.

काही झालं नाही. पळी जड ती जडच. वाटलं, कमी पडलं. दुसरा चमचा घातला, तिसरा घातला. आंबील आणखी दाट झाली. मी ढवळत राहिले, मनगट भरून आलं, आंबील थंड होऊन तिच्यावर साय धरली. खाटेवरून तांब्या दोनदा वाजला. मी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, फडक्यातून गाळलं आणि ते मळकं पाणी आप्पांना दिलं. त्यांनी घेतलं. दुसऱ्या वेळीही तेच. संध्याकाळी आई चिखलातून वर आली, पातेल्यात बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, ऱ्हाऊ दे, आत्ती येईल. पण आप्पांनी पाटी मागितली नाही हे मला जास्त लागलं. त्यांनी भूक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी मी पीठ पुडीत बांधलं, उरलेल्या मोडाच्या नाचणीची एक मूठ दुसऱ्या पुडीत घेतली, आणि महिन्याभरानं पहिल्यांदा जोयड्याची बस धरली. आम्हाला बायॉलॉजी शिकवायला गिरिजा मॅडम होत्या. धारवाडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, आमच्याशी बोलताना त्यांचं मराठी मधेच कन्नडात वळायचं. मी भिजलेली, पायाला चिखल, स्टाफरूमच्या दारात उभी. मला वाटलं होतं, इतके दिवस कुठं होतीस असं विचारतील. त्यांनी पुड्यांकडे पाहून विचारलं, “ह्यात काय आणलंस?”

मी सगळं सांगितलं. मधेच रडले असेन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, वाळवलंस कसं? मी म्हटलं, भाजलं. खरपूस? खरपूस. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला, त्यातला नुसता भात चिमूटभर माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, चाव, पण गिळू नकोस. मला लाज वाटली, पण मी चावत राहिले. चवच नसलेला भात. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. हळूहळू जिभेच्या कडांना काहीतरी वेगळं लागायला लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. “गोड लागतोय?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. भातात साखर घातलीय का कुणी, त्या म्हणाल्या, तुझ्या तोंडानंच केली ती.

मग त्यांनी मला समजावलं. भातात, नाचणीत जे सत्त्व असतं ते म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. शिजवलं की या साखळ्या फुगतात, पाण्याला धरून बसतात, एकमेकींत गुंततात, म्हणून पेज दाट होते. आपल्या लाळेत एक पदार्थ असतो, तो या साखळ्यांचे तुकडे करतो. तुकडे झाले की गुंता सुटतो, दाटपणा जातो, आणि अगदी बारीक तुकडे झाले की गोड लागतं. हुबेहूब तसलंच काम करणारा पदार्थ दाण्याला मोड येताना दाण्यात तयार होतो. इंग्रजी पुस्तकात त्याला एन्झाइम म्हणतात, त्यांच्या कन्नड पुस्तकात किण्व होतं. तो या एकाच जातीची साखळी कापतो, पण स्वतः संपत नाही. एक तोडून झाली की दुसरीकडे जातो, एका क्षणात कितीतरी. म्हणून पातेल्याला चमचा पुरतो. मात्र त्याला थंडीत काम सुचत नाही, उबेत सुचतं, आणि फार तापवलं की त्याची घडी विस्कटते ती पुन्हा बसत नाही. “आत्ती बोट का घालायला लावते, कळलं?” मॅडमनी विचारलं. “तिचं बोट म्हणजे थर्मामीटर आहे. आणि तू काय केलंस, ओला दाणा कढईत घातलास. कोरडा असता तर थोडं तरी सोसलं असतं. ओल्यात ते लगेच मरतं.”

मला आता फक्त एकच कळत होतं, की पुन्हा नाचणी वाळायला चार दिवस लागणार आणि पाऊस थांबत नाही. मी तसं म्हणाले. मॅडमनी दुसरी पुडी उघडली, मोड आलेले ओले दाणे बोटानं चाळवले आणि जरा आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. “पण वाळवायचं कशाला? वाळवतात ते टिकावं म्हणून. ओलंच वाट आणि घाल. फक्त नंतर चांगलं उकळ, कच्चं देऊ नकोस.”

मी उठलेच. त्यांनी थांबवून कपाटातून आयोडीनची एक छोटी बाटली आणि ड्रॉपर दिला, त्याचं काय करायचं ते सांगितलं, आणि मी दारातून बाहेर पडताना म्हणाल्या की सोमवारी प्रॅक्टिकल आहे. येशील का, असं त्यांनी विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती. ओली नाचणी पाट्यावर वाटली, थंड पाण्यात कालवून ठेवली. आंबील केली, मुद्दाम दाट. उतरवली. आत्ती नव्हती, त्यामुळं बोट माझंच. पहिल्यांदा घातलं, काढलं. दुसऱ्यांदा घातलं. कालपर्यंत मी ही नुसती नक्कल करत होते. आता मात्र त्या वाटलेल्या पांढुरक्या पाण्यात काय आहे ते मला माहीत होतं आणि ते मी मारू शकत होते. चटका बसला पण पोळलं नाही, तेव्हा ओतलं. ढवळलं. आणि पळी हलकी झाली. अगदी तशीच, आधी किंचित, मग झरझर, मग धार. मी त्या धारेखाली वाटी धरायची विसरले. डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी, दाण्याच्या आत दोन रात्रींत तयार झालेलं, माझ्या समोरच्या पातेल्यात लाखो ठिकाणी एकाच वेळी काम करत होतं, आवाज नाही, वास नाही, आणि माझ्या हाताला त्याचं वजन कळत होतं.

आंबील चांगली उकळून, गाळून, कोमट करून दिली. आप्पांनी त्या संध्याकाळी पाच वाट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी आत्ती परत आली. सून सुटली होती, मुलगी झाली होती. मी तिला बसूही दिलं नाही. आयोडीनची बाटली काढली. नाचणीचा रंग गडद, त्यात नीट दिसायचं नाही म्हणून तांदळाची दाट पेज केली. आप्पांच्या खाटेशेजारी पातेलं ठेवलं, दोन वाट्यांत पेज घेतली. एकीत माझं खरपूस पीठ घातलं, एकीत ओलं वाटण. थोड्या थोड्या वेळानं दोन्हींतली चमचाभर पेज बशीत काढायची, गार होऊ द्यायची आणि वर आयोडीनचा थेंब टाकायचा. गरम असताना टाकायचा नाही असं मॅडमनी बजावलं होतं, त्यानं फसगत होते. खरपूस पिठाच्या बशीत थेंब पडला की शाईसारखी काळी-निळी. दर वेळी तशीच. ओल्या वाटणाची पहिली बशी निळी झाली. दुसरी जांभळी. तिसरी तांबूस, कोकमाच्या पाण्यासारखी. चौथ्या बशीत थेंब पडला आणि आपल्याच पिवळट रंगाचा राहिला. आप्पा कोपरावर उठून बघत होते. आत्तीनं चारही बशा ओळीनं लावून ठेवल्या आणि एकीकडून दुसरीकडे बोट फिरवत राहिली. निळं म्हणजे साखळी अजून हाय, मी सांगत होते, आणि पिवळं म्हणजे तुटली. मॅडमनी सांगितलेलं सगळं मी माझ्या भाषेत सांगितलं, कापतं पण संपत नाही, एकाच जातीची साखळी कापतं, दुसरीला हात लावत नाही, आणि भाजलं की पुन्हा उठत नाही.

तांब्या तीनदा वाजला. आप्पांनी पाटी मांडीवर घेतली आणि बराच वेळ लिहीत बसले. मग पाटी माझ्याकडे वळवली. त्यांच्या उतरत्या अक्षरात लिहिलं होतं: कोयता इस्तवात पडला की त्याचं पानी उतरतं. मग त्यानं काय तोडायचं.

पुढं मी तीस वर्षं मुलांना हा धडा शिकवला. पुस्तकात त्याच्यासाठी आकृत्या असतात, आलेख असतात, उष्णता वाढते तशी रेघ वर चढते आणि एका ठिकाणी खाली कोसळते. आलेख काढून झाला की मी आप्पांचं ते वाक्य फळ्यावर लिहायची. कोयता, धार, विस्तवात पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नसे. वर्गात माना हलायच्या. चौथी शिकलेल्या, रानात राबलेल्या, त्या वेळी बोलताही न येणाऱ्या माणसाला जे एका बैठकीत समजलं होतं, ते मला नीट समजायला आणखी काही वर्षं जावी लागली.

आत्तीनं मात्र वेगळंच विचारलं. तिला कापण्याचं, रंगाचं फारसं नवल नव्हतं, ते ती आयुष्यभर बोटानं बघत आली होती. ती म्हणाली, “पर ते दान्यात येतंच कशाला? आपल्यासाठनं तर न्हाई.” मी मॅडमना हे विचारलं नव्हतं, पण उत्तर पुस्तकात होतं. दाण्याच्या पोटात जे सत्त्व असतं ते कोंबाची शिदोरी. कोंबाला पानं फुटून स्वतःचं अन्न करता येईपर्यंत त्याला तेवढंच खायचं असतं, आणि अख्खं सत्त्व त्याला खाता येत नाही. म्हणून पाणी लागलं, जाग आली की दाणा आधी ते कापणारं तयार करतो आणि त्याला बारीक करून भरवतो. आत्ती ऐकत होती. फडक्यात उरलेल्या नाचणीतला एक दाणा तिनं नखावर घेतला, त्याचा तो दोऱ्याएवढा पांढरा कोंब. किती वेळ तरी ती त्याच्याकडे बघत होती. “पोराच्या तोंडचं घेतलं आपण,” शेवटी ती एवढंच म्हणाली, आणि ओंजळभर नाचणी उचलून मागच्या वाफ्यात टाकून आली. उरलेली तिनं पाट्यावर वाटली, कारण आप्पांची वेळ झाली होती.

सोमवारी मी प्रॅक्टिकलला गेले. आईनंच पहाटे उठून मला हाक मारली. आत्ती घरी होती, आंबिलीची काळजी नव्हती. नंतरच्या मोडाची नाचणी आत्तीनं चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर पसरली. दाण्यावर हात ठेवून बसता यावं इतपतच ऊब लागेल असं बघून जाळ केला, आणि दोन दिवसांत कोरडं, न भाजलेलं पीठ तयार झालं. आपलं खरपूस पीठ मी लाडवांत घातलं, तिथं ते छान लागलं. एकदा आप्पांनी पाटीवर काहीतरी आंबट मागितलं म्हणून मी आंबील उतरवल्याबरोबर तिच्यात कोकमाचं आगळ घातलं आणि मग मोडाचं पीठ घातलं, तर पुन्हा पळी जड. आता मी रडले नाही. आयोडीन काढलं, बशी निळी, वही काढून लिहून ठेवलं की आंबट त्याला सोसत नाही, आधी त्याला काम करू द्यावं आणि मग आंबट घालावं. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोंद, जी कुठल्या पुस्तकातून उतरवलेली नव्हती. मॅडमनी ती वाचली आणि वहीवर सही न करता वही नुसती परत दिली, दोन्ही हातांनी.

सहा आठवडे झाले. आप्पा, आत्ती आणि मी बेळगावला गेलो. डॉक्टरांनी एकेक तार कापून वाटीत टाकली, तिचा बारीक खळकन आवाज व्हायचा. मग त्यांनी आप्पांना वजनकाट्यावर उभं केलं आणि जुना कागद काढून बघितला. पुन्हा काट्याकडे बघितलं. असे पेशंट परत येतात तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असे येतात, ते म्हणाले, याला काय दिलं तुम्ही? आत्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, सत्त्व, साखळी, सगळं ओठांवर होतं. पण आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी ओठ हलवून बघितले, जीभ दातांवरून फिरवली, जबडा पकडून धरला.

“दान्यानंच चावून दिलं, सायेब,” ते म्हणाले.

डॉक्टरांना ते कळलं असेल असं वाटत नाही. सहा आठवड्यांनंतरचं ते त्यांचं पहिलं वाक्य. तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं, शब्द दातांमागून घासत येत होते, पण आवाज आप्पांचाच होता.